ईयोबाची तिसरी मुलगी

टार्प्लीबाईंना एवढेच म्हणायचे होते, की चला, पुस्तके उघडा. तोंडून निघाले ते भलतेच. "तलवारी उपसा!" आवाजही त्यांचा नव्हता. पोटातून आलेला, जाड, शेवटचा शब्द छताकडे फेकणारा असा तो आवाज होता, आणि तो ऐकून वर्गातली निम्मीअधिक मुले ताडकन उठून उभी राहिली. एरवी 'उभे राहा' म्हटले तर खुर्चीला चिकटून बसणारी ही सोळा-सतरा वर्षांची घोडी; पण आता बायबल कमरेशी आडवे, एक तळवा खाली, एक वर, मान ताठ, नजर समोर. आपण का उठलो हे त्यांनाही कळलेले दिसत नव्हते. मेकन शहरात आणि भोवतालच्या लाल मातीच्या मुलखात जी पोरे चर्चमध्ये वाढतात त्यांच्या अंगात ही कवायत पोहण्यासारखी मुरलेली असते. बायबल म्हणजे तलवार. ती कमरेशी धरायची, मग वडीलधारा अध्याय पुकारतो, मग 'हल्ला' म्हटले की पाने उलटायची, आणि ज्याला जागा आधी सापडेल त्याने ओळीवर बोट ठेवून एक पाऊल पुढे टाकायचे. पण हे सगळे चर्चमध्ये. ही सरकारी शाळा होती, हा दुसरा तास होता, आणि विषयाचे नाव होते 'साहित्य म्हणून बायबल'. ज्यांच्या घरी कुठलेच चर्च नव्हते ती चार-पाच मुले बसल्या जागी बावचळून पाहत होती. बाईंनी तिथेच तोंड मिटायला हवे होते. पण उभी मुले वाट बघत होती, आणि वाट बघणाऱ्या मुलांना ताटकळत ठेवायचे नसते हे बाईंच्या हाडात होते. "ईयोब, अध्याय पहिला," त्या म्हणाल्या. "हल्ला!"

पाऊल ऐकू आले ते तेव्हा. एकही पान उलटले नव्हते, पातळ कागदाची ती सळसळ अजून सुरूच व्हायची होती, आणि खिडकीकडच्या बाजूने, डावीकडून, टाच टेकल्याचा स्पष्ट आवाज झाला. लाकडी फळीवर टेकते तशी. वर्गात फळी नव्हती, गुळगुळीत प्लास्टिकच्या फरश्या होत्या, त्यांच्यावर बूट नुसते चुरचुरतात. बाईंनी मान वळवली. खिडकीजवळचे शेवटचे बाक सत्र सुरू झाल्यापासून रिकामेच होते. त्याच्या शेजारी केरन स्ट्राउड उभी होती, पण तिचे पाऊल अजून जागचे हलले नव्हते. मग पाने वाजली, मुले एकेक करून पुढे सरकली, पहिली केरनच सरकली, आणि रेफर्ड नावाचा लांबुडका पोरगा, ज्याच्या जिभेला हाड नाही, तो म्हणाला, "बाई, आज रविवार आहे होय? मी टाय नाही घातला." वर्ग खळाळून हसला. बाईही हसल्या. "बसा," त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. कथेत काय होतं ते बघू." हसता हसता त्यांच्या नाकाला एक वास आला. कुणीतरी दप्तरात पीच विसरले असावे, पार उतरून गेलेले, गोड आणि आंबूस. ऑक्टोबरात पीच कुठले, असेही त्यांच्या मनात आले, आणि मनाने तो प्रश्न झटकन बाजूला केला.

कथेत. हा त्यांचा लाडका शब्द होता. सरकारी शाळेत धर्म शिकवायला बंदी, म्हणून अभ्यासक्रम सुरू करताना कौंटीच्या वकिलाने त्यांना समोर बसवून घोकून घेतले होते: हे खरे आहे म्हणायचे नाही, खोटे आहे म्हणायचे नाही, 'कथेत असे घडते' म्हणायचे. दुसरी एखादी बाई वैतागली असती. टार्प्लीबाईंना उन्हातून घरात यावे तसे वाटले. मुख्याध्यापक ड्युप्रींनी त्यांना निवडले ते निराळ्याच हिशेबाने. "तू ब्रदर टार्प्लींची मुलगी, केझाया. तुला अर्धं पाठ असेल, तयारीचा त्रास नाही." पाठ होतेच. पाठ होते म्हणूनच कॉलेजात गेल्यापासून त्यांनी ते पुस्तक हातात धरले नव्हते. लग्न केले नाही, कुत्रे पाळले, इंग्रजीचे निबंध तपासले, रविवारी सकाळी अंगणातल्या झाडांना पाणी घातले. पण 'कथेत' हा शब्द मिळाल्यावर त्यांना कळले की त्या पुस्तकाला हात लावता येतो, जाड हातमोजा घालून तव्याला लावावा तसा. कथेत बाप मुलाला डोंगरावर नेतो. कथेत बाई मागे वळून पाहते आणि मिठाचा खांब होते. लेखकाने हे सांगितले आणि ते का सांगितले नाही? मुले बोलायची, भांडायची, आणि बाई मधे उभ्या राहून दोन्ही बाजूंचे कौतुक करायच्या. इतक्या वर्षांत इतक्या सुखाने त्यांनी काहीच शिकवले नव्हते.

त्या सुखाला पहिला तडा गेला होता तो ऑगस्टमध्ये, हजेरी घेताना. केरन स्ट्राउड. पूर्ण नाव केरन-हप्पूख. बाई थबकल्या होत्या, आणि मुलीने हात वर करून फक्त "हजर" म्हटले होते. देव ज्याची परीक्षा पाहतो त्या ईयोबाची दहा मुले वादळात घर कोसळून मरतात, आणि शेवटी, सगळे सोसून झाल्यावर, त्याला पुन्हा दहा मुले मिळतात. त्यांतल्या तीन मुलींचीच नावे कथेत येतात. थोरली जेमायमा, मधली केझाया, तिसरी केरन-हप्पूख. असे नाव आजकाल कोण ठेवतो? ठेवणारा एक माणूस बाईंना ठाऊक होता. आठवडाभर ट्रकची टायरे बदलणारा आणि रविवारी पत्र्याच्या छपराखाली उपदेश करणारा त्यांचा बाप. त्याने थोरलीचे नाव जेमायमा ठेवले, धाकटीचे केझाया ठेवले, आणि तिसरे तयार ठेवले. ती कधी आलीच नाही. पण जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची जास्तीची होती, आणि डॅडी तिला हसत हसत 'केरनची' म्हणायचा. लहानपणी केझीला, म्हणजे बाईंना, त्या खुर्चीची भीती वाटे. आणखी एका गोष्टीची वाटे, आणि ती तिने फक्त थोरल्या जेमीला सांगितली होती: आपण दोघी दुसऱ्या खेपेच्या. मग पहिल्या खेपेच्या मुली कुठे आहेत? जेमी म्हणाली होती, "चर्चच्या फळ्यांखाली. म्हणून तर त्या कवायतीत वाजतात." मग दोघी पांघरुणात तोंड खुपसून खुसखुसल्या होत्या. जेमी नेहमी केझीच्या डावीकडे उभी राहायची. 'हल्ला' म्हटले रे म्हटले की तिची टाच वाजायची, पानही न उलटता, कारण तिला जागा बोटांनीच ठाऊक असायची. डॅडीला तिचा केवढा अभिमान. केझी दुसरी यायची आणि तिला दुसरे येणे आवडायचे, कारण पुढे उभ्या असलेल्या जेमीच्या वेणीकडे बघता यायचे.

कवायतीची ती चूक दोन घरांत पोचली आणि दोन्हीकडून फोन आले. एका बापाने मुख्याध्यापकांना विचारले, की माझी मुलगी साहित्य शिकायला येते की सैन्यात भरती व्हायला. दुसरा फोन केरनच्या बापाचा, एलम स्ट्राउडचा. पूर्वी चपलांचे दुकान असलेल्या गाळ्यात भरणाऱ्या एका छोट्या चर्चचा तो प्रमुख. त्याने बाईंचे आभार मानले. ड्युप्रींनी बाईंना खोलीत बोलावले तेव्हा ते टेबलावरच्या शेंगदाण्यांशी खेळत होते. "शिव्या देणाऱ्या बापाची मला काळजी नाही, केझाया," ते म्हणाले. "आभार मानणाऱ्याची आहे. असल्या एका फोनावर हा विषय बंद होईल. आणि तुझं म्हणशील, तर तुझी बाजू मी किती दिवस घेणार? दोन वर्षं राहिलीत तुझ्या पेन्शनीला. पुस्तक शिकव. चर्चच्या वाटेला जाऊ नकोस." बाईंनी मान हलवली. त्यांना विचारायचे होते, की तुम्हाला वर्गात कसला वास येतो का? एवढे विचारायला गेल्या आणि म्हणाल्या, "शेंगदाणे खारे आहेत का?" ड्युप्रींनी वाटी पुढे केली.

वास रोज येऊ लागला होता. बाईंनी कपाट रिकामे केले, कचऱ्याची टोपली उन्हात ठेवली, सफाईवाल्याकडून खिडकीमागचा गाळ काढवला. त्याने नाक वर करून हुंगले आणि "मला तर फिनेलच येतंय" म्हणाला. रेफर्डने, विचारल्यावर, काखेचा वास घेऊन आपण निर्दोष असल्याचे जाहीर केले. कुणालाच येत नव्हता. तेव्हा बाईंना वाटू लागले की आपल्याला येतो तो आजचा नसावा. घरी, गाडीत, फ्रीज उघडताना तो नसायचा. फक्त दुसऱ्या तासाला, आणि फक्त खिडकीकडे गेल्यावर. रिकाम्या बाकाशी जाऊन त्या पान उलटण्याच्या मिषाने उभ्या राहत, आणि वास इतका दाट होई की जिभेवर चव यायची. आणि एक दिवस केरनने मान वर करून विचारले, "बाई, ईयोबाच्या बायकोला नाव का नाही?" तिच्या शब्दांबरोबर गरम श्वास बाईंच्या मनगटाला लागला, आणि वास कुठून येतो ते बाईंना कळले. कळल्यावर त्यांना आधी हायसे वाटले. आपण वेड्या नाही. ते हायसे वाटणे क्षणभरच टिकले, आणि मग ज्याकडे त्या दोन महिने बघत होत्या आणि बघत नव्हत्या, ते सगळे एकदम दिसले: बाकाखाली पाण्याची भलीमोठी बाटली, दर थोड्या वेळाने "बाई, जाऊन येऊ?" म्हणत वर केलेला हात, ऑगस्टात नीट बसणारा आणि आता खांद्यावरून घसरणारा झगा, कोरडे, भेगाळलेले ओठ.

जेमी अंगणातल्या नळीला तोंड लावून पाणी प्यायची. उन्हाने तापलेले, रबरी वासाचे पाणी, तरी ती सोडायची नाही. रात्री अंथरुण ओले करायची, बारा वर्षांची घोडी, आणि केझीला म्हणायची, "सांगशील तर मारीन." तिच्या तोंडाला उतरलेल्या पीचचा वास येऊ लागला आणि केझीला तो आवडायचा, ती मुद्दाम तिच्या उशीवर झोपायची. मग जेमीला चालवेना. डॅडीने तिच्या कपाळाला तेल लावले, गुडघे टेकले, रडला, खरोखर हमसून रडला, आणि उठून म्हणाला, "झालं. बरी झाली." त्यांच्या चर्चमध्ये रीतच होती. प्रार्थना झाली की आजार गेला. त्यानंतर कुणी 'कशी आहेस' विचारले तर 'बरी झाले' म्हणायचे. दुखते म्हणणे म्हणजे दिलेले दान परत फेकणे. हे खोटे बोलणे नव्हते. डॅडी आयुष्यात कधी खोटे बोलला नाही. केझी मागच्या शेतातून धावत जाऊन पलीकडच्या घरी सांगून आली. तिने सांगितले होते, हे बाईंनी स्वतःला हजारदा बजावले होते. शेरीफच्या कचेरीतला पोलीस आला, टोपी काढून पलंगाशी वाकला, आणि फार प्रेमाने म्हणाला, "कशी आहेस, पोरी?" जेमीने डॅडीकडे पाहिले नाही. केझीकडे पाहिले. आणि हसून म्हणाली, "बरी झाले." त्या माणसाने टोपी घातली. रविवार उजाडायच्या आत ती गेली. पुढच्या महिन्यात डॅडीने ईयोबावर उपदेश केला: गेलेली मुले देव पुन्हा देतो, आधीपेक्षा देखणी देतो. घरी आल्यावर केझीने आईला विचारले, "पुन्हा दिल्या तर पहिल्या कुठे जातात?" आई म्हणाली, "जेव." डॅडीवर बाईंचे प्रेम होते आणि त्याला त्यांनी कधी क्षमा केली नाही, आणि या दोन्ही गोष्टी इतकी वर्षे शेजारी राहून एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यांनी केरनला तास संपल्यावर थांबवले. दार उघडे ठेवले, कारण दार उघडे ठेवायचा नियम होता. "पाणी फार पितेस गं तू." "उकडतंय, बाई." "दमल्यासारखी दिसतेस." केरनने दप्तर छातीशी धरले आणि चेहऱ्यावर हसू आणले. ते हसू बाईंच्या ओळखीचे होते. "बरी झाले मी, बाई. गेल्या रविवारीच." काहीतरी बोलायचे म्हणून बाई म्हणाल्या, "तुझ्या मोठ्या बहिणी आहेत का? जेमायमा, केझाया?" "नाही. मी एकटीच." "मग तिसरीचं नाव तुला कसं?" केरनने खांदे उडवले. "डॅडी म्हणतो, मी व्हायच्या वेळी देवानं त्याला कळवलं, की पहिल्या दोघी होऊन गेल्यात कुठंतरी. म्हणून त्याने थेट तिसरं ठेवलं." मग जराशी लाजून तिने आवाज उतरवला. "एक विचारू? माझ्या बाजूला कुणी बसायला येणार आहे का?" "का गं?" "नाही, सहज. कधीकधी वाटतं, कुणीतरी जागा धरून ठेवलीय."

शहाण्या माणसाने करावे ते सगळे बाईंनी केले. शाळेची नर्स चार शाळांना मिळून एकच होती. तिला गाठले, तिने घरी फोन केला, आणि घरच्यांनी मुलगी ठणठणीत असल्याचे सांगितले. "हल्लीच्या पोरी जेवत नाहीत हो," नर्स म्हणाली, "आरशाशी लग्न लागलंय त्यांचं." मुलांच्या संरक्षणाचे सरकारी खाते असते, तिथे फोन केला. तिथला तरुण मनुष्य खरेच दुसऱ्याच दिवशी आला, सभ्य, गळ्यात ओळखपत्र, हातात थंड कॉफी. बाई काचेच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. आतला आवाज ऐकू येत नव्हता. तो पुढे वाकून काहीतरी म्हणाला, केरन हसली, तिचे ओठ हलले. काय म्हणून हलले ते बाईंना काचेतून वाचता आले. बाहेर येऊन तो म्हणाला, "थकलेली दिसते खरी. पण मारहाण नाही, उपाशी नाही, स्वतःच्या तोंडाने बरं आहे म्हणते. कागद पुढे पाठवतो, डॉक्टरी तपासणीचा हुकूम लागेल तेव्हा लागेल." त्याने रिकामा कप टाकायला जागा शोधली. बाईंना त्याच्या हातात टोपी दिसली. नव्हती, पण दिसली.

त्या आठवड्यात बाईंना नीट झोप लागली नाही, आणि भीती वाटायची ती मुलगी मरेल याची नव्हे. भीती ही वाटायची, की ती आधीच मेलेली आहे आणि आपण फक्त तास संपायची वाट बघत आहोत. कथेत असे घडते. कथेत दहा मुले मरतात, कारण गोष्ट पुढे सरकायला कुणीतरी मरावे लागते, आणि वाचणाऱ्याला त्यांचे काही वाटत नाही, कारण त्यांना नावे नाहीत. ज्या मुलांना नावे असतात त्यांचे काय होते? कथा संपते. पुढे कुणी लिहीत नाही. त्या तिघी म्हाताऱ्या झाल्या की नाही, त्यांना तहान लागली की नाही. भाजीच्या दुकानात रांगेत उभ्या असताना बाई हे मोठ्याने बोलल्या असाव्यात, कारण पुढची बाई वळून म्हणाली, "देव तुमचं भलं करो, ताई," आणि जरा दूर सरकली.

ईयोबाचा शेवटचा अध्याय शुक्रवारी आला. केरन भिंतीला धरून वर्गात आली. तिचा श्वास शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत ऐकू येत होता, खोल आणि घाईचा, जिना चढून आल्यासारखा, आणि ती तर केव्हाची बसलेली होती. बाईंनी एका मुलाला नर्सला शोधायला पाठवले. तो येऊन म्हणाला, आज तिची दुसरी शाळा. बाई केरनजवळ गेल्या. "बाळ, दवाखान्यात जाऊ या." "नको, बाई." "तुला श्वास घेववत नाहीये." "बरी झाले मी." डोळे बाईंच्या खांद्यामागे, रिकाम्या बाकाकडे. बाईंनी खिशातला फोन चाचपला. फोन केला तर गाडी येईल, माणूस वाकून विचारेल, कशी आहेस पोरी. ती पुन्हा 'बरी झाले' म्हणेल, आणि सगळे टोप्या घालून निघून जातील.

त्या फळ्याकडे परत आल्या. "शेवट कसा वाटला?" बाईंनी विचारले, कारण तोंडाला सवय होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "फसवणूक आहे, बाई. माझा कुत्रा मेला तेव्हा मामाने दुसरा आणला. मी त्याच्याकडे बघितलंपण नाही महिनाभर." "पण कथेत," बाई म्हणाल्या, आणि पुढचा शब्द येईना. वास इथपर्यंत आला होता. डावीकडे फळी कुरकुरली. वर्गात फळी नव्हती. बाईंच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागले, आणि या खेपेला त्यांनी ते अडवले नाही. आवाज डॅडीचा होता, पण हुकूम त्यांचा स्वतःचा होता.

"तलवारी उपसा!"

खुर्च्या सरकल्या. मुले उभी राहिली, आज झाडून सगळी, ज्यांना कवायत ठाऊक नव्हती तीही, शेजाऱ्याचे बघून पुस्तक कमरेशी धरून. केरनही उठू लागली. उठायलाच हवे होते. बरी झालेली मुलगी हुकमाला उठते. तिने बाकावर तळवे रोवले, कोपरे थरथरली, ती अर्धी उभी राहिली. बाईंनी तिच्यावरची नजर हलवली नाही. आयुष्यात त्यांनी इतके क्रूर काही केले नव्हते. "उठ, केरन," त्या म्हणाल्या. "बरी झालीस ना? एक पाऊल पुढे ये." केरनने पाऊल उचलले आणि ती बाकांच्या मधल्या वाटेत कोसळली. पुस्तक लांब जाऊन पडले. कुणीतरी किंचाळले. रेफर्ड एका उडीत तिच्यापाशी पोचला आणि त्याने तिचे डोके मांडीवर घेतले. "बाई, हिच्या तोंडाला कसला वास येतोय," तो म्हणाला. "सडक्या फळांसारखा." बाईंना रडू फुटले. अखेर दुसऱ्या कुणाला तरी तो आला होता.

बाईंनी अँब्युलन्ससाठी फोन लावला, आणि तिकडच्या बाईने विचारले, काय झाले आहे. टार्प्लीबाई मुलांसमोर उभ्या होत्या, दारात आवाज ऐकून आलेले ड्युप्री उभे होते, आणि त्या वर्गात कधी न उच्चारलेले वाक्य त्यांनी स्वच्छ उच्चारले. "ही रक्तातल्या साखरेने मरायला टेकलीय. नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मला ठाऊक आहे. माझी बहीण अशीच गेली, प्रार्थना करून बरी झाली म्हणत गेली. हे खरं आहे. हे खरंच घडलेलं आहे." ड्युप्रींनी डोळे मिटले. "केझाया," ते हळूच म्हणाले, "संपवलंस तू सगळं." "हो," बाई म्हणाल्या, "गाडीला रस्ता मोकळा करा."

गाडी आली. दोन माणसे, एक थोराड, एक कोवळा. थोराड माणूस गुडघ्यांवर बसला, त्याने केरनच्या मनगटावर बोटे ठेवली आणि फार प्रेमाने विचारले, "कशी आहेस, पोरी?" उभी मुले अजून उभीच होती, पुस्तके कमरेशी. बसा म्हणायचे कुणाला सुचले नव्हते. केरनचे ओठ उघडले, चिकटले, पुन्हा उघडले. तिने बापाला शोधले नाही, बाईंनाही नाही. तिची नजर खिडकीकडच्या बाकावर गेली आणि तिथे थांबली, जवळची मैत्रीण कानात काही सांगत असली की थांबते तशी. तिने ऐकून घेतले. मान हलवली.

"तहान लागलीय," केरन म्हणाली. आणि जरा वेळाने, बाकाकडे बघत, "हिलाही."

"भ्रम होतोय," कोवळा माणूस म्हणाला. थोराडाने साखर तपासली, यंत्राकडे बघून शिवी हासडली, आणि दोघांनी तिला उचलले. वेळेत आहे, जिन्यावरून त्याचा आवाज आला, वेळेत आहे, चला. ड्युप्री मुलांना दुसऱ्या वर्गात घेऊन गेले. जाताना रेफर्डने खाली पडलेले बायबल उचलून केरनच्या बाकावर ठेवले आणि बाईंकडे न बघता म्हणाला, "येतो, बाई."

वर्ग रिकामा झाला. बाकाखाली केरनची मोठी बाटली आडवी पडली होती. बाई ती घेऊन व्हरांड्यातल्या नळाशी गेल्या, विसळली, गार पाण्याने काठोकाठ भरली, आणि परत येऊन खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर झाकण काढून ठेवली. मग स्वतः शेजारच्या बाकावर फळ्याकडे पाठ करून बसल्या, उजवीकडे, जिथे लहानपणी कवायतीत त्या नेहमी उभ्या राहायच्या. बाहेर अँब्युलन्सचा आवाज लांब लांब गेला.

"पी, जेमी," त्या म्हणाल्या. "डॅडी नाहीये आता."